हजेरीतली शांता

"बाई, तुमचं नाव काय?"

एवढाच प्रश्न. बालवाडीतल्या पोरालाही यावा असा.

अकोल्यात कामगार खात्याच्या एका अधिकाऱ्यासमोर आम्ही बसलो होतो. लांबट टेबलाच्या एका बाजूला आई आणि मी. दुसऱ्या बाजूला डाळमिलचे दोघं. एक दिवाणजी, म्हणजे मिलचा कारकून. बायकांची हजेरी लिहिणारा, त्यांना कामावर घेणारा आणि काढणारा. दुसरे, ज्यांनी हा प्रश्न विचारला ते. आईचा अर्ज साधा होता. सतरा वर्षं या मिलमध्ये तूर वाळवली, चाळली, निवडली. मला विनाकारण काढलं. मला माझ्या नावानं परत कामावर घ्या. अर्ज मी लिहिला होता. खाली आईची सही होती, सुलोचना म्हणून. आईचं नाव सुलोचनाच आहे.

आई उठून उभी राहिली. बसून उत्तर दिलं तरी चालतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं पदर सारखा केला, दिवाणजींकडे एकदा पाहिलं आणि शाळेत हजेरी द्यावी तशी खणखणीत आवाजात म्हणाली,

"शांता महादेव."

दिवाणजी फस्सकन हसले. दाराशी उभा असलेला शिपाई हसला. प्रश्न विचारणारे मात्र हसले नाहीत. त्यांनी सावकाश पेनाचं टोपण लावलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, अर्जदार बाईंना अर्ज कुणाचा आहे हेच माहीत नाही. आणखी काय बोलायचं?"

"म्या म्हनलं होतं न साहेब," दिवाणजी म्हणाले. "हे सुलोचना-फिलोचना आपल्या मिलमंधी कधी नोतीच."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं लिहिणं थांबवलं. "घाबरू नका बाई. खरं नाव सांगा."

आईच्या एव्हाना लक्षात आलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. कपबशी फुटल्यावर लहान मूल पाहतं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीची बाई. माझी आई.

"सुलोचना," ती म्हणाली.

"मग शांता कोण?"

आई हळूच म्हणाली, "थे बी मीच."

आता सगळेच हसले. अधिकाऱ्यानंही तोंडावर हात ठेवला. मी हसले नाही. तीन वर्षं कायदा शिकलेली मी, टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. काचेखाली कुठल्याशा देवाचा फोटो होता.

आणि तो प्रश्न विचारणारे गृहस्थ माझे सर होते. अमरावतीच्या कॉलेजात मला कामगार कायदा शिकवणारे.

सर राहायचे अकोल्यात, वकिली अकोल्यात. आठवड्यातून दोन दिवस गाडीनं अमरावतीला यायचे आणि आम्हाला शिकवायचे. शिकवायचे झकास. बाकीचे मास्तर पुस्तक उघडून वाचून दाखवत. सरांच्या हातात खडूसुद्धा नसे. वर्ग भरलेला असे. मी पहिल्या बाकावर. वसतिगृहातून तास चुकवून बाजारात जाणाऱ्या मैत्रिणींना मी सांगायचे, बाकी काही बुडवा, सरांचा तास नका बुडवू.

समेटाच्या बैठकीत वकिलाला बसता येत नाही, कामगार आणि मालक यांनी आपसात बोलावं म्हणून तशी सोय आहे, हे मला सरांनीच शिकवलं. आणि मग ते बसतात कसे, हेही त्यांनीच शिकवलं. मालकांच्या संघटनेचं पद घ्यायचं. पदाधिकारी म्हणून बसायचं. वर्ग हसला होता. मीही हसले होते. काय हुशार माणूस, असं वाटलं होतं.

त्या दिवशी सर त्याच पदावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं तेव्हा भुवया उंचावल्या. "अरे, तू?" मग अधिकाऱ्यांना कौतुकानं, "ही माझी विद्यार्थिनी, साहेब. हुशार आहे." आणि पुढच्या वाक्यात माझ्या आईला तिचं नाव विचारलं.

आता आई शांता कशी झाली ते सांगते.

मिलमध्ये बायकांची नावं बदलतात. दर पाच-सहा महिन्यांनी. कामावर तीच बाई, जागा तीच, तोंडावर बांधलेलं फडकंसुद्धा तेच. हजेरीतलं नाव वेगळं. आई सतरा वर्षांत तीन नावांत फिरत राहिली. शांता, बेबी, मीरा, पुन्हा शांता. दिवाणजी सकाळी फाटकाशी सांगायचे, "सुलोचना, आजपासून तू बेबी." आई हो म्हणायची. संध्याकाळी घरी येऊन हसत सांगायची, "पाय वो, आज माह्यं बारसं झालं." आम्ही पण हसायचो. मला वाटायचं सगळ्याच मिलमध्ये असं असतं. शाळेत नाही का दरवर्षी तुकडी बदलत, तसं.

तपासणीला कुणी साहेब आला की बायकांना ओळीत उभं करत आणि नाव विचारत. त्या वेळी हजेरीतलंच नाव निघालं पाहिजे. चुकलं की दुसऱ्या दिवशी काम नाही. आईला धाक बसला होता. मग रोज संध्याकाळी मी तिची तयारी करून घ्यायचे. मी सहावी-सातवीत असेन. खुर्चीवर बसून मी साहेब व्हायचे. जाड आवाज काढून विचारायचे, "बाई, तुमचं नाव काय?" ती भाकरी थापता थापता म्हणायची, "शांता महादेव." चुकून सुलोचना म्हणाली तर मी टाळ्या पिटायचे, "हरली, हरली!" पाढे पाठ व्हावेत तसं मी ते तिच्याकडून पाठ करून घेतलं. असं पाठ झालं की साहेबाचा आवाज ऐकला की तिच्या तोंडातून तेच बाहेर पडावं.

आमच्या घरात नाव ही लहान गोष्ट नव्हती. माझ्या आजोबांच्या आईचं नाव कचराबाई होतं. गावानं ठेवलेलं. आमच्या लोकांना असलीच नावं असत. छप्पन्न साली घरानं दीक्षा घेतली तेव्हा आजोबा पोरगेले होते. पुढे मुलगी झाली तेव्हा त्यांनी हौसेनं तिचं नाव सुलोचना ठेवलं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ते नीट म्हणता येईना. आजोबा थांबवून पुन्हा म्हणायला लावत. त्या सुलोचनेला मी खुर्चीत बसून शांता केलं. हसत हसत.

दुसऱ्या वर्षाला सरांनी दोनशे चाळीस दिवस शिकवले. वर्षात एका कामगाराचं दोनशे चाळीस दिवस काम भरलं की त्याची नोकरी सलग धरतात. मग त्याला असं सहज काढता येत नाही. कारण द्यावं लागतं, नोटीस द्यावी लागते. कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण तो दोनशे चाळीस राहिला. आणि मालक काय करतात, सरांनी विचारलं. कुणालाच येईना. सर म्हणाले, "दोनशे चाळीस भरूच देत नाहीत. बाई तीच, नाव नवीन. प्रत्येक नावाचे दिवस थोडे थोडे. लक्षात ठेवा, कायदा घामाला ओळखत नाही, कागदाला ओळखतो."

वर्गानं ते वाक्य लिहून घेतलं. मीही लिहिलं. लाल पेननं खाली रेघ मारली. रेघ मारता मारता हात थांबला. शांता. बेबी. मीरा. बारसं नव्हतं ते. सतरा वर्षं ते लोक माझ्या आईला पुसून काढत होते, आणि आम्ही घरात बसून हसत होतो.

सरळ बाहेर आले आणि आईला फोन लावला.

"आई, आता नाव बदलायचं नाही. तुझं खरं नाव लिहायला सांग. कायदा आहे."

"कायदा हाय?"

"हो. आहे."

"तूच शिकली का थो कायदा? पक्का?"

"पक्का."

मी एवढंच सांगितलं. सोबत कोण आहे, साक्षीला कोण उभी राहील, हातात कागद काय आहे, काही विचारलं नाही. पुस्तकातलं एक पान तिच्या हातात दिलं आणि तिला एकटीला फाटकात पाठवलं.

पुढच्या वेळी दिवाणजी म्हणाले, "आजपासून तू बेबी." आई सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "माह्यं नाव सुलोचना लिवा. माही पोरगी वकिली शिकून राहिली. कायदा हाय म्हंते."

दिवाणजी म्हणाले, "मंग पोरीच्याच मिलमंधी जाय न कामाले."

फाटक बंद झालं. सतरा वर्षं तिथं पायानं तूर फिरवली तिनं. उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी, कारण चप्पल घालून धान्यात चालत नाहीत. तिच्या टाचांना पडलेल्या भेगांत डाळीचा भुसा बसलेला असायचा. त्या टाचा घेऊन ती सकाळी नऊला घरी परत आली आणि मला फोन करून म्हणाली, "त्याईले कायदा माहीत नाई वाटते."

त्यांना माहीत होता. आपल्यापेक्षा चांगला माहीत होता. हे मी तिला सांगू शकले नाही.

त्या पहिल्या बैठकीत अधिकाऱ्यानं आम्हाला पुढची तारीख दिली. "एखादा पुरावा आणा," तो म्हणाला. "कागद आणा. नाहीतर बरोबर काम केलेली एखादी बाई साक्षीला आणा. नुसत्या बोलण्यावर मी काय लिहू?"

कागद कुठला? मिलनं कधी ओळखपत्र दिलं नाही. मी कमलमावशीकडे गेले. आमच्याच गल्लीत राहते. बारा वर्षं आईच्या शेजारी बसून तिनं तूर निवडली. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. मावशी चहा ठेवते म्हणाली आणि ठेवला नाही. चुलीजवळ बसून राहिली.

"मी नाई म्हनत नाई वो पोरी," ती म्हणाली. "पन मी थ्या साहेबासमोर उभी राहिली, अन् त्यानं मले इचारलं तू कोन, तं काय सांगू? सध्या मी मीरा हाय. तुह्या मायचंच नाव माह्याकडे हाय."

खोट्या नावाची बाई दुसऱ्या खोट्या नावाच्या बाईची साक्ष कशी देणार? कोणत्या पुस्तकात शोधू? उठताना मावशीनं माझा हात धरला. "आमची नावं नको काढजो माय. आमाले कायदा नाई शिकाचा."

मी अमरावतीला परत आले. मूर्तिजापूरपर्यंत एसटीत उभी होते. उभं राहायलाच बरं वाटत होतं. बसले असते तर रडले असते.

त्या आठवड्यात सरांचा तास होता. मी पहिल्या बाकावर बसले नाही. मागे बसले. सर आले आणि म्हणाले, आज एक गंमत सांगतो. नावं नाही सांगितली त्यांनी. "एक बाई. दावा करते की मी अमुक. साहेब विचारतो नाव काय, तर सांगते तमुक." आईची नक्कल केली. पदर सारखा केल्यासारखं केलं, ताठ उभे राहिले, खणखणीत आवाज काढला. वर्ग फुटला हसून. माझ्या शेजारची मैत्रीण बाकावर डोकं टेकून हसली. तिचा काय दोष? तिला ठाऊक नव्हतं.

"हं, मागे बसलीस ती. तू सांग," सर मला म्हणाले. "या अर्जाचं काय होणार?"

मी उभी राहिले.

"फेटाळला जाईल, सर."

"कारण?"

"काम केल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर असते."

"शाब्बास. बस खाली."

बसले. बरोबर उत्तर. परीक्षेत पैकीच्या पैकी. माझ्या तोंडानं मीच माझ्या आईला हाकलून दिलं आणि शाब्बासकी घेऊन खाली बसले. त्या दिवशी मला स्वतःची शिसारी आली. अजून येते.

तास संपल्यावर सरांनी खोलीत बोलावलं. आवाज गोड होता. बस म्हणाले, पाणी दिलं.

"स्कॉलरशिपवर शिकतेस ना?"

"हो सर."

"मग डोकं ठिकाणावर ठेव. तुझ्या आईचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. मी मालकांशी बोललो. घेतो म्हणाले परत. लगेच. फक्त हा कागद सही करून आण सोमवारी." त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "आणि पास झालीस की माझ्या ऑफिसात ये. मला अशी मुलं लागतात. दोन्ही बाजू ठाऊक असलेली."

कागद मी जिन्यात वाचला. 'मी शांता महादेव लिहून देते की मी माझ्या मुलीच्या सांगण्यावरून चुकीच्या नावानं अर्ज केला होता. तो मी मागे घेत आहे. माझी मिलविरुद्ध काही तक्रार नाही.'

खाली सहीसाठी जागा. शांता महादेव.

आईला काम परत मिळत होतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण वाचणाऱ्याला वाटेल की असला कागद कुणीही जागच्या जागी फाडला असता. मी फाडला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला आणि अकोल्याला नेला. तीन आठवडे आई दुसऱ्या मिलांच्या फाटकाशी जाऊन येत होती. सगळीकडे एकच विचारत, वकिलाची माय ती तूच का? आमच्या घरात दुपारची चूल पेटणं बंद झालं होतं. तत्त्व माझं होतं, पोट तिचं.

आईनं कागद वाचला. चौथी शिकलेली आहे ती, बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, "पेन दे."

"आई, यात तू शांता आहेस."

"मंग? सतरा वर्सं कोन होती?"

"एकदा यावर सही केलीस की तू तिथं कधीच नव्हतीस असं होईल. सुलोचना नावाची बाई तिथं कधीच नव्हती."

"काय चाटाचं हाय थ्या नावाले?" आई एकदम ओरडली. आई माझ्यावर कधी ओरडत नाही. "नाव घेऊन भाकर भाजते का? तूच म्हनली कायदा हाय. तूच म्हनली पक्का. कुठी हाय तुहा कायदा? दाखव न मले!"

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग ती शांत झाली. पेन हातात धरून तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत नसल्यासारखं, "सही कोनती करू? तू शिकवली होती थे शांताची, का माही?"

तू शिकवली होती ती.

ती गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. वसतिगृहात नाही, अर्जात नाही, सरांना तर नाहीच. आता सांगते. नववीच्या आणि दहावीच्या सुट्टीत मी आईबरोबर मिलमध्ये जायचे. दिवाणजींचं अक्षर गिचमिड. माझं मोत्यासारखं, शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे. दिवाणजींनी एकदा पाहिलं आणि रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. "लिव बेटा." पंख्याखाली बसायला मिळालं. बाहेर आई उन्हात तूर फिरवत होती आणि मी पंख्याखाली बसून तिचं नाव बदलत होते. दिवाणजी सांगायचे, मी लिहायचे. शांता, हजर. मीरा, हजर. दोन उन्हाळे. बायकांना शांताची, बेबीची सही करायला मीच शिकवलं, कारण सगळीकडे अंगठे असले तर साहेब शंका घेतात. आईचा हात धरून शांता गिरवून घेतलं. आई किती खूश होती! पोरगी हपिसात बसते, असं सगळ्यांना सांगत होती.

मी चौदा-पंधरा वर्षांची होते. मला कळत नव्हतं. पण आता तर कळत होतं. दुसऱ्या वर्षापासून कळत होतं. अर्ज लिहिताना कळत होतं. साहेब म्हणाला, पुरावा आणा, तेव्हा तर मला तिथल्या तिथं कळलं होतं की पुरावा खुर्चीत बसला आहे. ती रजिस्टरं मिलकडे आहेत. त्यांत पानंच्या पानं माझं अक्षर आहे. मिलशी काही संबंध नसलेल्या पोरीचं अक्षर त्यांच्या हजेरीत गेलं कसं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. आणि मी गप्प बसले. का? खोटी हजेरी लिहिली हे सांगितलं तर वकिलीची सनद मिळणार नाही, या भीतीनं. आई फाटकं पालथी घालत होती आणि मी माझी सनद सांभाळत होते. कमलमावशीला साक्षीला चल म्हणताना मला लाज वाटली नाही.

मी आईच्या हातातून पेन घेतलं.

"सही नको करू."

"मंग खाऊ काय?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आजही येत नाही.

"ते रजिस्टर मी लिहिलं, हे मी साहेबाला लिहून देते."

"मंग तुले वकील होऊ देतीन का?"

"माहीत नाही."

"मंग मी कायच्यासाठी फिरवली थे तूर?" ती म्हणाली. "सांग न. कायच्यासाठी?"

तिनं सही केली नाही. पण ती माझ्या बाजूनं झाली असंही नाही. तिनं कागद माझ्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. निघताना मी पाया पडले तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला नाही.

सोमवारी मी सरांना त्यांचा कागद तसाच परत दिला. सोबत माझ्या कागदाची झेरॉक्स दिली; मूळ कागद पुढच्या तारखेला अधिकाऱ्याला द्यायचा होता. हातानं लिहिलेला कागद, टाइप केलेला नाही. 'मी लिहून देते की अमुक दोन उन्हाळ्यांत या मिलचं हजेरीचं रजिस्टर दिवाणजींच्या सांगण्यावरून मी माझ्या हातानं लिहिलं. त्यात माझी आई सुलोचना हिचे दिवस कधी शांता, कधी बेबी, कधी मीरा अशा नावांनी दाखवले आहेत. रजिस्टर मागवावं. अक्षर तपासावं.' बाकी बायकांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं.

सरांनी उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे तू कुणाला दाखवून लिहिलंस?"

"कुणालाच नाही."

"याचा अर्थ कळतो तुला? खोट्या नोंदी केल्याची कबुली आहे ही. सनद मागायला जाशील ना, तेव्हा हा कागद तुझ्या आधी तिथं पोचलेला असेल. मी पोचवीन."

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? मी तेव्हा अल्पवयीन होते, कायद्यानं माझं फारसं काही होत नाही, हे मला पाठ होतं. पण कायदा काय म्हणतो आणि सरांसारखा माणूस काय करू शकतो, हे दोन्ही मी त्यांच्याकडेच शिकले होते. घरी जाऊन माफी मागावी, झेरॉक्स परत घ्यावी, असंही मनात येऊन गेलं. मी टेबलाची कड धरली.

"पोचवा, सर."

"मूर्ख आहेस. आईचं काम घालवलंस, आता स्वतःचं घालव."

"हो सर," मी म्हणाले आणि बाहेर आले.

पुढची तारीख आठ दिवसांवर आहे. आईला अजून काम मिळालेलं नाही. फोनवर ती जेवलीस का एवढं विचारते आणि ठेवते. कमलमावशी मला पाहून घरात जाते. सरांच्या हातातले माझे मार्क गेले, असं समजून चालले आहे. अधिकारी माझा कागद घेईल की नाही, ठाऊक नाही. मिल म्हणेल रजिस्टर जळालं, वाळवी लागली, पाण्यात भिजलं. म्हणू दे. इथं ऐकलं नाही तर मी लेबर कोर्टात जाईन. तिथं ऐकलं नाही तर आणखी वर जाईन. पुढच्या तारखेला मी आईच्या शेजारच्या खुर्चीत बसणार नाही. मी साक्षीला उभी राहणार आहे. वकील होईन की नाही ते सरांसारख्यांच्या हातात असेल. हे अक्षर माझं आहे आणि ही बाई माझी आई आहे, एवढं मी शपथेवर सांगणार आहे, आणि ते माझ्या तोंडून परत घ्यायला लावणं त्यांच्यापैकी कुणाच्या हातात नाही.